कांद्याच्या पट्टीमागे

आमच्या संघाचा इतिहास
कांदा-बटाटा मार्केटच्या पट्ट्यांमागे आहे,
माझ्या अक्षरात.
पुढच्या बाजूला लासलगाव, गोण्या एकशे चाळीस, हमाली, तोलाई.
मागं : हरलो, सात-एक.
हरलो, नऊ-शून्य.
बरोबरी (पुण्याची गाडी खंडाळ्यात अडकली, चौघेच पोचले).

कागदावर नाव न्यू बॉम्बे ग्लेशियर्स.
जर्सीवर शेवटचं अक्षर मावलं नाही,
म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर एकेकच ग्लेशियर.
लोक म्हणायचे, बर्फवाले.
ते तर खरंच होतं. पैसे घालणारे दामजीशेठ
तुर्भ्यात बर्फाच्या लाद्या पाडायचे.
विकतो ते, तर खेळूही त्याच्यावर,
असं त्यांना एका दिवाळीत वाटलं.

वाशीचा मॉल, तिसरा मजला,
पहाटे साडेपाच ते सात, बेसमेंटच्या दारानं.
मे महिन्यात कानटोप्या घालून
रिक्षातून उतरायचो.
रिक्षावाला सुट्टे पैसे देताना हात लांबूनच करायचा.

शिंगटे हवालदार द्रासला अकरा हिवाळे काढून आलेले.
तिथल्या पोरांकडून स्टिक धरायला शिकले.
"तिकडं तळं फुकट गोठतंय," म्हणायचे,
"हितं मीटर पळतोय. पळा."

बुधाजी दिवाळ्याचा.
पहिल्या दिवशी आम्ही सगळे आपटलो, तो नाही.
गुडघे सैल, नजर लांब,
होडीत उभं राहावं तसा उभा.
ज्ञानू चिकणे माथाडी, मेढ्याकडचा.
त्याला थांबायला शेवटपर्यंत जमलं नाही,
कठड्यावर आदळला की थांबला असं आम्ही समजायचो.
गोलात अन्सिया कुरियन, नेरूळ, बारावी सायन्स,
तिच्या पॅडांत कोपरखैरण्याच्या कुठल्यातरी सोफ्याचा फोम.

पक संपले
तेव्हा कळंबोलीत ट्रकचा टायर कापून घेतला.
मी काट्यावर ठेवला : दोनशे दहा ग्रॅम.
नियमापेक्षा चाळीस जास्त.
शिंगटे म्हणाले, मार्केटातला ना तू? मग कडता काप.

सत्तावीस सामने झाले. विजयाचा रकाना कोरा.

अठ्ठाविसावा पुन्हा पुण्याशी.
मॉलचं बिल थकलेलं, म्हणे तीन महिन्यांचं.
दुसऱ्या सत्रात काहीतरी थांबलं.
इतके दिवस एक घरघर होती
हे ती थांबल्यावर कळलं.
बर्फ आधी घामेजला,
मग घोट्याला पाणी लागलं.
पुणेकर पाऊल उचलून टाकू लागले, लग्नात चिखल तुडवावा तसे,
आणि बुधाजी हसला.
पक पाण्यात अडायचा तिथं तो आधीच पोचलेला,
स्टिक वल्ह्यासारखी खालून.
एक.
दोन.
तिसरा ज्ञानूचा : कठडा चुकला आणि
पकासकट तोच जाळ्यात.

तीन-शून्य. आम्ही.

पंचांनी हात वर केला.
मैदान खेळण्यालायक नाही, सामना रद्द,
नोंद करू नये.
"नोंद करू नये" हे मीच लिहिलं,
खाली त्यांची सही घेतली.

सकाळी सफाईवाले वायपरनं
रिंक मोरीकडं लोटत होते.
निळी रेघ, तांबडी रेघ,
एकमेकींत मिसळून वांगी रंगाचं पाणी.
आता तिथं गाद्यांचं दुकान आहे.
झोपून बघा म्हणतात.

शिंगटे गेले. ज्ञानूच्या गुडघ्यांत सळ्या.
अन्सिया एडमंटनला नर्स आहे,
गल्लीगल्लीत हाच खेळ, पण बघायला जात नाही,
थंडी वाजते म्हणते.
बुधाजी जेट्टीवर पापलेटांवर बर्फ फोडतो.
मी गेलो की हात न थांबवता विचारतो,
"तो कागद हाय ना रं?"

आहे.
गाळ्यावर पंखा जोरात फिरतो,
पट्ट्या उडू नयेत म्हणून
वर टायरचा तुकडा ठेवतो.
दोनशे दहा ग्रॅम,
कडता न कापता.