खाटेवर दोन फोन

सुलकनबाईच्या फोनात निंबाजीची दंडार,
मंडईच्या रातची, मधेच खोकलेली.
निंबाजी गेला. ती आता
कवडूला द्यायचीय.

फोनाला फोन टेकवून बसले दोघं.
फोन विचारतो, ठिकाण कळवू का?
‘इथंच तं बसलो गा, तुह्यापुढं!’
यादीत निघाली तीन नावं :
शेजारचा पोरगा, एक नुसता आकडा,
आणि कुणी ‘गॅलेक्सी’.
कवडू त्यात कवडू शोधतो.

धानाचं बी मागितलं
तर पायली न्यायची, भरून आणायची.
देणाऱ्याला डुलकी लागली तरी चालायचं.
इथं एकाचा पडदा विझला
की दुसऱ्याचंही अडतं.

एक्याण्णव टक्क्यांवर
सुलकनबाईला जावयाचा फोन आला.

‘राहू दे वो बाई,’ कवडू म्हणाला,
‘लाव तशीच.
कान तं संगंच आणले मी.’