द्विवचन

आठवीत संस्कृत घेतलं तेव्हा
सुभाषनगरात कुणी विचारलं नाही, का.
अप्पा म्हणाले, मार्क लई पडत्यात म्हणं. घे.

संध्याकाळी ते आरीनं वादी ओवायचे,
मी बाभळीच्या सालीच्या वासात
पाठ करायची : उपानत्, उपानहौ, उपानहः.

काय म्हणतीस?
पायताण. एक, दोन, लई.
आरी थांबली.
दोनाला येगळं?
व्हय. दोनाचं द्विवचन. तिथनं पुढं शंभर असू देत, सगळं एकच.
मग बराबर हाय.
एकलं पायताण कोण मोजतंय? जोडच असतोय.
मराठीनं कशापायी टाकलं हे?

घोटणेबाईंनाही सांगता आलं नाही.
त्यांनी फळ्यावर दुसरंच लिहिलं :
उपानह् झिजत झिजत वहाण,
पादत्राण झिजून पायताण.
जिथं टाच जोरात पडते तिथलं अक्षर आधी जातं,
हे त्या म्हणाल्या नाहीत,
मी घरी तळवे उलटे करून पाहिले.

महाद्वारात चपला ठेवल्या, टोकन सातशे बारा.
आत स्तोत्र चाललेलं.
देवीच्या पायांना किती उपमा, कमळं, चंद्र, माणकं.
पायांत काय होतं,
ते बाहेर, ढिगात.

एकदा मी सिंहासनावर ठेवलेल्या पादुकांची गोष्ट वाचून दाखवली.
कुणी केल्या त्या?
नाव नाही दिलेलं.
चामड्याच्या का लाकडाच्या?
सोनं मढवलेल्या, असं लिहिलंय.
सोनं पायाला चावतंय, अप्पा म्हणाले,
चाललाच न्हाई म्हणायचा त्यो घालून.
मग पुस्तक हातात घेतलं, पुठ्ठा वाकवला,
पाठीवरची शिवण अंगठ्यानं चाचपली.
बांधणी बरी हाय.

डोळ्यांत पडदा आला त्या वर्षी
माझ्या मापाचा शेवटचा जोड त्यांनी केला.
वेणी घट्ट, कान एकसारखे,
कापताना कुठं हात हलला नव्हता.
दोन्ही डावे.

मी बोलले नाही.
चालून दाखीव, म्हणाले,
मी फरशीवर दारापर्यंत गेले आणि आले.
ते मान वाकडी करून करकर ऐकत होते.
जमलाय, म्हणाले.

आता मीच शिकवते ती रूपं.
मधल्या रकान्याशी आले
की उजवा पाय
टेबलाखाली जरा आत वळतो.