पहिली गुरगुर

आधी नुसता उशीर व्हायचा.
भांडी घासून झाली तरी सिंकमध्ये
चहाच्या पत्तीचं एक तळं
कुणाची तरी वाट बघत थांबायचं.
मी म्हटलं, जाईल.
गेलंही.

मग सोडा, मग लिंबू, मग उकळतं पाणी,
मग यांनी कपाटातला हँगर सरळ केला
आणि रविवारची सकाळभर मोरीत मासे धरत बसले.
केसांचा गोळा निघाला, माझाच,
बाळंतपणानंतर गळलेला असावा इतका जुना.
दोन दिवस पाणी धावलं.

पण गुरुवारी मशीनचं पाणी सुटलं
आणि पलीकडे संडास गुरगुरला,
आत कुणी नसताना.
मोरीच्या जाळीतून फेस वर आला,
त्यात परवाच्या डाळीचा एक दाणा.
उदबत्ती लावली,
तर उदबत्तीलाही तोच वास.
नणंद येणार होती. तिला सांगितलं,
पोरांना खोकला आहे, पुढच्या आठवड्यात ये.

दस्तगीर नदाफ मिरजेहून आला,
मोपेडच्या मागं गुंडाळलेली स्प्रिंग.
घरात शिरलाच नाही.
"वहिनी, सगळे नळ बंद करा.
आता फक्त वरच्या मजल्याचा सोडा."
खाली मोरी उचकी दिल्यासारखी बोलली.
"एक जागा तुंबली तर घरातली भानगड.
तीन जागा एकदम बोलाय लागल्या
तर दुखणं बाहेरच्या पायपात हाय.
तितं हँगर चालत न्हाई."
हँगरचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चेंबरचं झाकण पहारीनं निघालं.
स्प्रिंग बारा फूट गेली, अडली,
आणि येताना तिनं गाळ आणला,
मूठभर, मग घमेलंभर.
त्यानं तो बोटांत चोळून पाहिला,
यार्डात हळकुंड मोडून रंग बघतात तसा.
"पुराचा हाय," म्हणाला. "एकोणीसचा."

गावभागातल्या या घराच्या भिंती
आम्ही दोनदा रंगवल्या.
गाद्या, फ्रीज, पोरांची पुस्तकं, सगळं नवं घेतलं.
पाणी चढल्याची रेघ घासून काढली.
नदी मात्र उतरताना
पायपाच्या पोटात थोडी राहून गेली होती
आणि आम्ही रोज तिच्यावरून
आंघोळी, धुणी, खरकटं सोडत होतो.

पैसे मोजताना तो म्हणाला,
"फुडच्या टायमाला पहिल्या गुरगुरीलाच फोन करा."

रात्री सिंकचं बूच काढलं.
पाणी एकदा गोल फिरलं
आणि न बोलता गेलं.
यांनी हँगर परत वाकवून पाहिला.
तो काही पहिल्यासारखा झाला नाही.
दाराच्या मागं टांगलाय,
पिशव्या अडकवायला.