तिसऱ्या

देवबागला कर्ली दर्याला मिळते,
तिथे बोटीवर असायचा लॉरेन्स.
हसला की तुटका दात दिसे,
आणि माझ्या घशाखाली पेज उतरत नसे.
पंधरा दिवस. मग तो गोव्याला गेला.
मी महिनाभर मरत होते,
म्हणजे, सगळ्यांना तसं सांगत होते.

बाबलला पहिल्यांदा तिसऱ्या वाढल्या
त्या भिजवायच्याच राहिलेल्या.
घासाघासाला कचकच.
मान खाली घालून त्याने ताट संपवलं.
“फाल्यापासून मी भिजत घालतंय,” एवढंच बोलला.
मला काही वाटलं नाही तेव्हा. रागच आला, खरं तर.

अकरा वर्षं झाली.
दिवा मालवल्यावर मोरीत टोपावर झाकण पडतं,
मिठाच्या पाण्यात तिसऱ्या
रात्रभर वाळू सोडत राहतात.

लॉरेन्सचा तो दात,
डावीकडचा होता की उजवीकडचा?