गुरुवारचा कप्पा

खडकीच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं
मी भरणी खात्यात होते.
गेटवर मंगळसूत्र काढून ठेवायचं,
केसांतला आकडा, ब्लाउजची टाचणी,
चपलासुद्धा तिथल्याच, बिनखिळ्याच्या.
"एक ठिणगी पुरे, बाई," फोरमन तुपे म्हणायचे,
"मग आडनावही सापडायचं नाही."
पलीकडच्या मैदानात नमुने उडवून बघत.
माझे कान तिथंच गेले,
थोडेथोडे, फंडासारखे दरमहा कापले जात.

आता कानात मशीन आहे.
पहिल्याचा साचा टणक होता.
आठ दिवसांत आतून खाज, लाली, पिवळं पाणी.
मी गपचूप खोबरेल लावत राहिले.
कॅम्पातल्या तारापोर बाईंनी बॅटरी मारून पाहिलं
आणि रागावल्या:
अंगाला सोसत नसेल तर सांगायचं असतं!
हे मला एकतीस वर्षांत
कुणी म्हटलं नव्हतं.
मग सिलिकॉनचा आला. मऊ.
चिमटीत धरला तर
अन्वयच्या कानाची पाळी धरल्यासारखा.

सेल हरभऱ्याच्या डाळीएवढा.
पाठीवर तपकिरी टिकली.
टिकली काढली की लगेच बसवायचा नाही,
मिनिटभर हवा खाऊ द्यायची,
मग तो जागा होतो.
नाण्यांच्या बटव्यात ठेवायचा नाही, तापतो.
पोरांच्या हाती लागू द्यायचा नाही.
गिळला तर नरड्यात अडकून
दोन तासांत आतून जाळतो,
धूर नाही, आवाज नाही.
मी हसले होते तेव्हा.
मला सांगता, बाई? मला?

बुधवारी रात्री पाकीट मोजलं.
सहातले दोन कानात, दोन संपलेले.
उरायला हवे होते दोन.
होता एक.

अन्वय अडीच वर्षांचा. फरशीवर बसून
काहीतरी चघळत होता.
स्नेहलनं त्याच्या तोंडात बोट घातलं:
बिस्किट.
पण त्याआधी?
फोनवर डॉक्टर म्हणाले, उलटी काढू नका,
दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या
आणि निघा.
बोपोडीच्या सिग्नलला रिक्षा थांबली.
पोरगा मध चाटून खूश, अजून मागत होता.
स्नेहल माझ्याकडे वळून काही बोलली.
त्याच वेळी माझ्या उजव्या कानातला सेल संपला,
डावा नुसता रिक्षाचा खडखडाट देत होता.
ओठ दिसले फक्त.
बरं झालं.

फिल्मवर चिमुकल्या बरगड्या,
कंगव्याच्या दातांसारख्या,
आणि मधे काही नाही.
"काही नाही आजी," तो मुलगा दोनदा म्हणाला,
दुसऱ्यांदा बोटांनी.

सकाळी गोळ्यांची डबी उघडली.
रविवारी भरली होती, चष्म्याशिवाय.
गुरुवारचा कप्पा तळहातावर पालथा केला:
रक्तदाबाची, थायरॉइडची, कॅल्शियमची,
आणि एक चकचकीत.
दुसऱ्या हातात पाण्याचा पेला होता.
पेला आधी ठेवला. मग बसले.

स्नेहलला सांगायला दुपार झाली.
ती रागावली नाही.
डबी घेतली आणि आठवडाभराचे कप्पे
एकेक करून पुन्हा भरले.

आता कपाटावर, वरच्या फळीला,
स्क्रूच्या झाकणाचा डबा आहे.
शेजारी नोंदवही: आलेले, लावलेले, संपलेले.
संपलेल्यांना दोन्हीकडून चिकटपट्टी.
मेलेला सेलही पुरता मेलेला नसतो.
कचऱ्याला येणाऱ्या शालनच्या हातात
पुडी वेगळी देते, सांगून.
तुपे असते तर सही केली असती.

आज डावा बदलला.
टिकली काढून सेल रुमालावर ठेवला.
दोन्ही मशिनं बाहेर, घर मुकं.
अन्वय समोर, हात पाठीमागे बांधून,
मी शिकवलंय तसा.
त्याचे ओठ भराभर हलतायत,
काहीतरी मोठं सांगायचं असावं.
थांब रे, म्हणते,
तो हवा खातोय.