कडी

हरिपूरच्या घाटावर
सिदबा आंबीला मोबाइलवर दाखवलं
रोमन लोकांनी खणून बांधलेलं बंदर :
सहा बाजूंचा तलाव, कोठारं, धक्का.
समुद्र केव्हाच मागं सरलेला.
आता गवत. चार मेंढ्या.

"नाव कुठं बांधायची?"
पहिलं हेच विचारलं त्यानं.

फोटो बोटांनी मोठा केला.
भोक पाडलेला एक दगड.
बराच वेळ बघत राहिला.

"डावीकडं झिजलाय.
म्हंजे वारं उजवीकडनं यायचं.
आन् दोर कायम वला.
कोरडा दोर दगडाला एवढा खात न्हाई."

हळदीची पेवं पुरात गेली,
पूल झाला,
नावेत त्याच्या कोंबड्या अंडी घालतात.

उठताना वाकून
घाटाची कडी त्यानं
एकदा ओढून बघितली.