बोट लागते का?

हर्षल झांबरेने टेबलावर दोन जहाजं ठेवली.
एक अठरा मजल्यांचं, पाच हजार माणसांचं,
आत नाटकगृह, बाजार, घसरगुंड्या,
बर्फावर नाचणाऱ्या मुलीसुद्धा.
दुसरं नव्वद जणांचं. त्यात काहीच नाही.
"काहीच नाही, हेच त्यात आहे, काकू,"
असं म्हणाला, आणि पंखा तीनवर केला.

जळगावहून सावद्यापर्यंत एसटीत
दोन्ही जहाजं माझ्या मांडीवर,
भरताच्या वांग्यांच्या पिशवीखाली.

मी एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला.
निळा खडू सगळ्यात आधी संपायचा.
मुलींना सांगायचे, पृथ्वीवर पाणीच जास्त,
आणि मुली खिडकीतून सातपुड्याकडे बघायच्या,
विश्वास न बसल्यासारख्या.

मला मोठं हवं होतं.
इथे पिशवी घेऊन दाराबाहेर पाऊल टाकलं
की ओट्याओट्यावरून: कुठी चालल्या बाई?
कुणाकडे? एवढ्या उन्हाच्या? परत कधी?
मला पाच हजार माणसं हवी होती
आणि त्यांतल्या एकालाही माझं माहेर ठाऊक नको.
आठ दिवस कुणाचीच कुणी नसण्याचे पैसे
मी आनंदाने मोजले असते.

ह्यांना लहान.
चौतीस वर्षं मालगाडी हाकली, भुसावळ ते खंडवा,
मागे अठ्ठावन्न डबे.
"मोठ्याला थांबता येत नाही," हे म्हणतात.
"ब्रेक आत्ता लावायचा, उभं राहायचं पुढच्या गावात."
एकदा निंभोऱ्याजवळ रुळाकाठी
मोर उभा होता म्हणे, पिसारा फुलवून.
तो नीट बघायचा ह्यांचा अजून राहिलाय.

शेवटी ठरलं, आधी बघू, बोट लागते का.
गाडी आमच्याकडे कुणालाच लागत नाही,
पण बोट लागायला आधी बोट लागते.

फाल्गुनात, हतनूरला, सुकलाल भोईची होडी.
तिघांची, त्यातही एका जागी जाळं बसलेलं.
मी आल्याचा तुकडा दाढेखाली धरून.
धरणामागे तापी पसरते, चालायचं विसरते.
चक्रवाकांची जोडी उडाली नाही, नुसती सरकली.
वल्हं दहादा पाण्यात गेलं नसेल
तोवर सुकलालने विचारून घेतलं
गाव, आडनाव, गल्ली, मुलं किती, सुना कुठल्या,
आणि माझ्या मावसजावेचं शेतही शोधून काढलं:
"ते आता आपल्या बुडाखाली हाये, बाई."

मी ह्यांच्याकडे वळले, डोळ्यांनी म्हणायला,
बघा, हे तुमचं लहान जहाज.

तर हे बोलत होते.
सुकलालला सांगत होते तो मोर,
रात्री अडीचचा चहा, डिसेंबरातलं धुकं,
कोणत्या सिग्नलला कोणतं कुत्रं येऊन बसायचं.
मला चाळीस वर्षांत न सांगितलेलं कुत्रं.
इंजिनाच्या त्या आवाजात
ह्यांना कुणी विचारलंच नव्हतं, कुठी चालले.
ऐकायला म्हणून सुकलालने वल्हं वर धरलं.
होडी तिथल्या तिथे थांबली.

बोट मला लागली नाही.
जरासं लागलं, ते दुसरं.

सोमवारी हर्षलला फोन केला. लहान.
"काकू, लहान महाग पडतं. जवळजवळ दुप्पट."
पडणारच, म्हटलं. विचारपूस करणारं माणूस
इथे ओट्यावर फुकट बसलेलं असतं,
समुद्रात न्यायचं तर भाडं लागणार.
फक्त जेवणाच्या खोलीत एखादं टेबल बघ,
कोपऱ्यातलं, एका खुर्चीचं,
एखाद्या रात्रीपुरतं.
तो हसला. त्याला वाटलं, गंमत.

आतून हे ओरडले, बिबडे किती घ्यायचे?
नव्वद जणांना पुरतील एवढे, मी म्हटलं.